पंडितांचा करंडक

महाराष्ट्र हे राज्य एक असलं तरी रणजी करंडकात ते तीन संघांनी उतरतं : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. ही वाटणी राज्यस्थापनेच्या आधीपासूनची आहे. नाशिक जिल्हा महाराष्ट्र संघटनेत, म्हणजे पुण्याच्या कारभारात मोडतो. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने होतात तेव्हा आम्ही ज्या संघासाठी टाळ्या वाजवतो, त्यानं करंडक उचलला तो १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत. कर्णधार होते पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन वेळा महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातानं परतला.

नाशिकजवळच्या एकलहऱ्यात राहणाऱ्याला या वाटणीचं एक वेगळंच दर्शन घडतं. इथल्या औष्णिक वीज केंद्रात माणसं बदलीवर येतात ती कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस अशा ठिकाणांहूनही. वसाहतीत वऱ्हाडी आणि नागपुरी बोली कानावर पडतात. त्यामुळे विदर्भ हा आम्हाला नकाशावरचा दूरचा तुकडा वाटत नाही, तो शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतो. २०१७ च्या डिसेंबरात विदर्भाचा संघ एकेक सामना जिंकत पुढे सरकत होता, तेव्हा इतर नाशिककरांपेक्षा आमचं लक्ष तिकडे थोडं जास्त होतं, ते या शेजारामुळे.

त्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये एक मुंबईकर बसलेला असे. छप्पन वर्षांचा, माजी यष्टिरक्षक, चेहऱ्यावर कायम काहीतरी राहून गेल्यासारखे भाव. चंद्रकांत पंडित. देशी क्रिकेटमध्ये सगळे त्याला चंदू म्हणतात आणि हाताखाली खेळलेली मुलं चंदूसर. तीन वेगवेगळ्या संघांना मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकून देणारा प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव आज घेतलं जातं. त्या सहापैकी तीन मुंबईचे आहेत आणि त्यांचं मला विशेष अप्रूप नाही, कारण मुंबई कुणाच्याही हाताखाली जिंकत आली आहे. उरलेले तीन मात्र निराळे.

पंडितचा जन्म १९६१ चा, मुंबईतला. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली तो तयार झाला. आचरेकर सरांबद्दल इतकं लिहून झालं आहे की त्यांचा एकच गुण सांगून पुढे जातो. नेटमधल्या सरावापेक्षा त्यांचा भर सामन्यांवर होता. मुलगा सामन्यात चुकला की कुठे चुकला हे ते टिपून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा सामन्यातच उभा करत. त्यांच्या शिष्यांपैकी किती जण कसोटी खेळले याची गणती नेहमी होते. किती जण पुढे चांगले प्रशिक्षक झाले, ही गणती त्या मानानं कुणी करत नाही. लालचंद राजपूत २००७ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात भारतीय संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून होते आणि अफगाणिस्तानला २०१७ मध्ये कसोटी दर्जा मिळाला तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक होते. रमेश पोवारनं भारतीय महिला संघ सांभाळला. अमोल मुझुमदार पुढे येईलच.

खेळाडू म्हणून पंडितच्या नशिबी उंबरठ्यावरचं जगणं आलं. जून १९८६ मध्ये लीड्सला पहिली कसोटी खेळला ती निव्वळ फलंदाज म्हणून, कारण यष्टींमागे किरण मोरे होता. मोरे होता म्हणूनच पंडितच्या कसोट्या पाचवर थांबल्या. एकदिवसीय सामने ३६ झाले. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपान्त्य सामन्यात वेंगसरकर आजारी पडला, म्हणून त्याला जागा मिळाली. त्या दिवशी गूचनं स्वीप मारमारून शतक ठोकलं आणि भारत ३५ धावांनी हरला. पंडितच्या वाट्याला २४ धावा आल्या. १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर कसोटीचं दार बंद झालं. प्रथम श्रेणीत मात्र त्याच्या नावावर आठ हजारांच्या वर धावा आहेत आणि सरासरी पन्नाशीच्या जवळची. आपल्याकडे अशा माणसांची एक मोठी बिरादरी आहे. देशी मैदानांवर हे राजे, आणि देशाच्या संघात कायम कुणाच्या तरी जागी आलेले.

नव्वदच्या दशकात तो मध्य प्रदेशकडून खेळू लागला आणि कर्णधारही झाला. मध्य प्रदेशचा क्रिकेटवारसा तसा मोठा, पण तो दुसऱ्याच्या नावावर जमा. इंदूरच्या होळकरांचा संघ १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी जिंकला होता. त्या संघाचे सरदार कर्नल सी. के. नायडू हे मूळचे नागपूरचे. संस्थानं गेली, होळकर संघ गेला, आणि राज्याच्या नावानं खेळणाऱ्या संघाला मात्र एकदाही करंडक मिळाला नव्हता. एप्रिल १९९९ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना होता. पहिल्या डावात मध्य प्रदेशनं ७५ धावांची आघाडी घेतली. रणजीच्या नियमाप्रमाणे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. शेवटच्या दिवशी समोर २४७ चं लक्ष्य होतं, पण ते गाठायचीही गरज नव्हती. नुसतं टिकायचं होतं. विजय भारद्वाजच्या ऑफस्पिननं सहा गडी उचलले, संघ १५० वर कोसळला आणि ९६ धावांनी हरला. कर्णधार पंडित. दोन वर्षांच्या आत त्यानं खेळणं सोडलं.

प्रशिक्षक म्हणून त्यानं प्रथम नाव कमावलं ते मुंबईत. २००२-०३ आणि २००३-०४ असे सलग दोन करंडक. मग इतर राज्यांमध्ये आणि अकादम्यांमध्ये कामं, आणि पुन्हा मुंबई. फेब्रुवारी २०१६ मध्ये गहुंजेच्या मैदानावर मुंबईनं सौराष्ट्राला एक डाव २१ धावांनी तीन दिवसांत गुंडाळलं. श्रेयस अय्यरनं त्या हंगामात १,३२१ धावा केल्या होत्या आणि अंतिम सामन्यात ११७. मुंबईचा हा ४१ वा करंडक. पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरला पार्थिव पटेलनं १४३ धावा करून गुजरातला ३१२ चं लक्ष्य गाठून दिलं आणि मुंबई अंतिम सामन्यात हरली. दोन वर्षांत एक करंडक आणि एक उपविजेतेपद. कुठल्याही राज्यात एवढ्यावर प्रशिक्षकाची मिरवणूक निघाली असती. मुंबईनं पंडितला निरोप दिला आणि पुढच्या हंगामासाठी समीर दिघेला नेमलं.

मुंबईच्या क्रिकेटची ही रीत जुनीच आहे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वर्षं करंडक घरात राहिलेल्या संघाला दुसरा क्रमांक हा अपमानच वाटतो. पण अशा वृत्तीमुळे मुंबईनं वेळोवेळी जी माणसं बाहेर घालवली, त्यांची किंमत तिला नंतर मोजावी लागली आहे. २०१५ मध्ये वसीम जाफर विदर्भाकडे गेला होता. आता पंडितही तिकडेच निघाला.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजीत खेळत होता आणि साठ वर्षांत एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नव्हता. बरीच वर्षं तो प्लेट गटात, म्हणजे दुसऱ्या पंगतीत जेवत होता. गुणवत्ता नव्हती असं नाही. वेगवान गोलंदाज उमेश यादव हा खापरखेड्याजवळच्या वलनी कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. तो टेनिस बॉलवरून थेट रणजीत आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. आमच्या वसाहतीत हा तपशील आजही अभिमानानं सांगितला जातो, कारण खापरखेडा म्हणजे वीज कामगारांचंच गाव. संघटनेनं जामठ्याचं मैदान २००८ मध्ये उभं केलं होतं, निवासी अकादमी काढली होती, आणि सुब्रतो बॅनर्जीसारखा माजी कसोटी गोलंदाज तिथे तरुण वेगवान गोलंदाजांवर मेहनत घेत होता. म्हणजे पंडित आला तेव्हा शेत नांगरलेलं होतं. पुढच्या यशाचं सगळं श्रेय त्याच्या पदरात टाकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवायला हवं.

मग त्यानं आणलं काय? संघात एकदोघे पाहुणे होते. जाफर होता, कर्नाटकातून आलेला गणेश सतीश होता. कर्णधार फैज फझल नागपूरचाच, २०१६ मध्ये झिंबाब्वेत एक एकदिवसीय सामना खेळून नाबाद अर्धशतक केलेला आणि नंतर निवड समितीच्या विस्मरणात गेलेला. बाकी मुलं घरची. या मुलांना रणजीत बाद फेरी गाठली की हंगाम सफल झाला असं वाटायची सवय होती. पंडितनं ती सवय मोडायला घेतली. वेळेवर यायचं म्हणजे वेळेवर. सरावात ढिलाई नाही. प्रत्येकाला त्याचं काम ठरवून दिलेलं, आणि ते झालं नाही तर समोरासमोर हजेरी. दिवसाचा खेळ संपल्यावरही खेळाविषयीच बोलणं. ज्येष्ठ-कनिष्ठ हा भेद शिस्तीपुरता नाही. ही आचरेकरांची आणि दादर-माटुंग्याच्या मैदानांची शाळा होती, नागपुरात उघडलेली.

ती सगळ्यांना मानवली असेल असं नाही. पण संघ जिंकू लागला की शिस्तीबद्दलची कुरकुर आपोआप कमी होते, आणि हा संघ जिंकू लागला.

सुरतेत केरळला ४१२ धावांनी हरवून विदर्भ उपान्त्य फेरीत आला. समोर कर्नाटक, ज्यानं उपान्त्यपूर्व फेरीत विदर्भाच्याच जामठा मैदानावर मुंबईला डावानं हरवलं होतं. ईडन गार्डन्सवर विदर्भ पहिल्या डावात १८५ वर बाद झाला. कर्नाटकानं ३०१ केल्या. इथून जुना विदर्भ सन्मानानं हरला असता. दुसऱ्या डावात ३१३ धावा करून त्यांनी कर्नाटकापुढे १९८ चं लक्ष्य ठेवलं. शेवटच्या सकाळी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. विनय कुमार आणि मिथुन यांनी सामना जवळजवळ ओढून नेला. रजनीश गुरबानी नावाचा चोवीस वर्षांचा मध्यमगती गोलंदाज, शिक्षणानं इंजिनीअर, एका टोकाकडून टाकत राहिला. सात गडी त्याचे. कर्नाटक १९२. विदर्भ पाच धावांनी जिंकला.

वर्ष सरता सरता इंदूरच्या होळकर स्टेडियमवर अंतिम सामना सुरू झाला, दिल्लीविरुद्ध. याच मैदानावर अकरा-बारा महिन्यांपूर्वी पंडितची मुंबई हरली होती. दिल्लीच्या ध्रुव शोरेनं १४५ धावा केल्या. दुसऱ्या सकाळी गुरबानीनं विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि शोरे यांना लागोपाठच्या तीन चेंडूंवर, दोन षटकांत मिळून, बाद केलं. तिघेही त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅटट्रिक. पहिली १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमनं मुंबईविरुद्ध घेतली होती आणि तरीही तामिळनाडू हरला होता. विदर्भानं उलटं करून दाखवलं. तेवीस वर्षांच्या अक्षय वाडकरनं प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक याच सामन्यात, १३३ धावांचं, ठोकलं आणि संघ ५४७ पर्यंत गेला. १ जानेवारी २०१८ रोजी, चौथ्या दिवशी, जाफरच्या चौकारानं नऊ गड्यांनी विजय मिळाला. सी. के. नायडू नागपूर सोडून ज्या शहरात मोठे झाले, त्या शहरात त्यांच्या जन्मगावाच्या संघानं पहिला करंडक उचलला. विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा दरवर्षी हिवाळी अधिवेशनात होते. त्यातला एक तरी त्या हिवाळ्यात विधिमंडळाच्या मदतीशिवाय भरून निघाला.

लोक म्हणाले, नशीब. पुढच्या वर्षी त्यांनी तो आक्षेपही मोडून काढला. उपान्त्य सामन्यात वायनाडला उमेश यादवनं बारा गडी घेतले आणि केरळ १०६ व ९१ धावांत संपला. अंतिम सामना फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्यावर, सौराष्ट्राविरुद्ध. सौराष्ट्राकडे चेतेश्वर पुजारा होता, तोही ऑस्ट्रेलियातल्या कसोटी मालिकेत नुकताच धावांचा डोंगर रचून आलेला. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेनं त्याला पहिल्या डावात १ आणि दुसऱ्यात ० वर काढलं आणि सामन्यात अकरा गडी घेतले. ७८ धावांनी विजय. चाळिशी गाठलेल्या जाफरनं हंगामात हजारावर धावा केल्या होत्या. दोन्ही वर्षी इराणी करंडकही विदर्भाकडेच राहिला. दुसऱ्या वर्षी पुलवामाचा हल्ला नुकताच झाला होता आणि संघानं बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबीयांना देऊन टाकली.

आचरेकर सर २ जानेवारी २०१९ ला गेले. विदर्भाच्या पहिल्या करंडकाला तेव्हा एक वर्ष आणि एक दिवस झाला होता, दुसरा अजून महिनाभर दूर होता. अंत्ययात्रेला सचिन होता, विनोद होता, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं आणि ते योग्यच होतं. पण सरांच्या शिकवणुकीतला जो भाग बॅटबाहेरचा होता, तो तेव्हा नागपूरच्या नेटमध्ये जिवंत होता, आणि त्याची बातमी होत नव्हती.

मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशनं पंडितला बोलावलं. टाळेबंदी सुरू व्हायच्याच सुमाराला. रणजीचा २०२०-२१ चा हंगाम तर झालाच नाही, स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदा. पंडितला मात्र संघ घडवायला मोकळा वेळ मिळाला. त्यानं जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं पाहिली, लांबलचक शिबिरं भरवली. हंगामात आवेश खान आणि वेंकटेश अय्यर भारताच्या संघात गेल्यानं मिळणार नव्हते, तर त्यांच्या नावानं रडत न बसता यश दुबे, शुभम शर्मा, अक्षत रघुवंशी, कुमार कार्तिकेय यांच्यावर डाव लावला.

जून २०२२ चा अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामीवर, आणि समोर मुंबई. मुंबईचा प्रशिक्षक अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून जो दोन दिवस बसून राहिला तो मुलगा. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. म्हणजे त्या पाच दिवसांत दोन्ही ड्रेसिंग रूम आचरेकरांच्या शिष्यांच्या हातात होत्या. एकाला पाच कसोट्या मिळालेल्या, दुसऱ्याला शून्य.

सर्फराज खानच्या १३४ धावांवर मुंबईनं ३७४ केल्या. एरवी एवढ्यावर मुंबई करंडकाला हात घालते. मध्य प्रदेशनं घाई केली नाही. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. एकूण ५३६. खेळपट्टीवर वेळ काढणं, समोरच्याला कंटाळवून चूक करायला लावणं, आघाडी मिळाली की तिच्यावर मांडी ठोकून बसणं, हा मुंबईचाच जुना धंदा. त्या सामन्यात तो मुंबईच्या विरुद्ध कुणीतरी मुंबईपेक्षा चांगला करत होतं. उलट मुंबईच्या तरुणांना फटके मारायची घाई दिसत होती. २६ जूनला १०८ धावांचं किरकोळ लक्ष्य चार गडी गमावून पार झालं. खेळाडूंनी पंडितला खांद्यावर घेतलं. त्याआधी तो सीमारेषेजवळ रडताना कॅमेऱ्यांना दिसला होता. १९९९ च्या पराभवाविषयी त्यानं नंतर मोकळेपणानं सांगितलं. या मैदानावर त्याच्याकडून काहीतरी राहून गेलं होतं आणि ते तेवीस वर्षं सोबत होतं.

गोष्ट इथे संपवली तर ती सिनेमाला विकता येईल. पण पंडितची कारकीर्द त्यापुढेही चालू राहिली आणि पुढचा भागही सांगायला हवा.

ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सनं त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. एकही आंतरराष्ट्रीय संघ न सांभाळलेल्या, मुख्यतः रणजीवर नाव कमावलेल्या भारतीय माणसाला आयपीएलमध्ये एवढी मोठी खुर्ची मिळणं ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. पहिल्या वर्षी संघ सातवा आला. दुसऱ्या वर्षी, २६ मे २०२४ ला चेन्नईत, हैदराबादला ११३ धावांत गुंडाळून कोलकात्यानं करंडक जिंकला. पण त्या वर्षी गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून आला होता आणि श्रेय मोजताना लोकांनी पहिलं नाव त्याचं घेतलं. त्याच सुमारास डेव्हिड वीसा या आदल्या वर्षी संघात असलेल्या नामिबियाच्या खेळाडूनं जाहीरपणे तक्रार केली की पंडितचा कारभार लष्करी थाटाचा आहे, आणि जगभर खेळून आलेल्यांना काय घालावं, कसं वागावं हे सांगितलेलं रुचत नाही. संघातल्या काहींनी पंडितची बाजूही घेतली. २०२५ मध्ये संघ आठवा आला आणि जुलैअखेर पंडित मोकळा झाला.

वीसाची तक्रार मला खोटी वाटत नाही आणि पंडितची पद्धत चुकीची होती असंही वाटत नाही. दोन महिन्यांसाठी विमानानं आलेला, चार देशांच्या लीग खेळणारा तिशीतला खेळाडू प्रशिक्षकाकडे शिस्त शिकायला येत नाही. तो काम करायला येतो. पंडितचं हत्यार ज्या मुलांवर चालतं ती वेगळी असतात. गुरबानी, वाडकर, दुबे, कार्तिकेय यांच्यासारखी, ज्यांच्या संघानं कधी काही जिंकलेलं नाही, ज्यांना कुणीतरी ओरडून सांगावं लागतं की तुम्ही जिंकू शकता आणि ते सांगताना सकाळी सहाला मैदानावर उभं करावं लागतं. अशा मुलांचं वर्षभराचं आयुष्य त्याच्या हातात असतं. आयपीएलमध्ये ते नसतं. कुस्तीच्या तालमीतल्या वस्तादाला सर्कशीत नेमलं तर दोघांचीही अडचण होते.

मुझुमदारची रीत निराळी. बंगळुरूत हरल्यावर वर्षभरानं, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. आवाज न चढवणारा, मुलींना त्यांचं त्यांना उमगू देणारा. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. त्याआधी उपान्त्य फेरीत जेमिमा रॉड्रिग्सच्या नाबाद १२७ धावांवर ऑस्ट्रेलियाचं ३३९ चं लक्ष्य गाठलं होतं. कर्णधार हरमनप्रीत कौर मुझुमदारच्या पाया पडली, तेव्हा शिवाजी पार्कवर वाढलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना गुरुपौर्णिमा आठवली असेल. एकाच गुरूच्या हाताखालून इतके वेगळे दोन शिष्य निघाले याचं मला नवल वाटतं. कडक शिस्तीच्या गुरूचा प्रत्येक शिष्य कडकच निघतो असं नाही.

पंडित गेल्यावर विदर्भाचं काय झालं, हे खरं तर त्याच्या कामाचं अधिक चोख मोजमाप आहे. मोठा प्रशिक्षक गेला की संघ बसतो, हा नेहमीचा अनुभव. काही वर्षं विदर्भही चाचपडला. मग मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर तो पुन्हा अंतिम सामन्यात उतरला, मुंबईविरुद्ध. पाचशेच्या वरचं लक्ष्य होतं. कर्णधार वाडकरनं शतक ठोकून सामना पाचव्या दिवसापर्यंत ताणला. मुंबई १६९ धावांनी जिंकली आणि तिचा ४२ वा करंडक झाला. पण चार दिवसांत गाशा गुंडाळणाऱ्या जुन्या विदर्भाशी या संघाचं काही नातं उरलेलं नव्हतं.

आणि पुढच्या वर्षी जामठ्यावर केरळविरुद्ध तिसरा करंडक. प्रशिक्षक उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेला, घरचा माणूस. दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या मुलानं १५३ केल्या, करुण नायरनं दुसऱ्या डावात १३५. पहिल्या डावातली ३७ धावांची आघाडी पुरली. हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकीपटूनं हंगामात ६९ गडी घेऊन रणजीचा विक्रम मोडला, तोही वयाची तेवीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. २ मार्च २०२५ ला करंडक उचलणारा कर्णधार अक्षय वाडकर होता.